धडधड ओसरते, धास्ती उरते

वाचकांच्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. तिन्ही पत्रांचा विषय एकच आहे, पॅनिक अटॅक म्हणजे अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके, परंतु तिघे त्या विषयाच्या तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर उभे आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून मुंबईत एका बँकेत नोकरी करते. डोंबिवलीत सासू-सासरे, नवरा आणि सहा वर्षांच्या मुलीसह राहते. गेल्या पावसाळ्यात सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, ठाण्याच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबलेली असताना अचानक माझ्या छातीत धडधडू लागले, श्वास पुरेना, हातापायांना मुंग्या आल्या आणि आता आपण इथेच मरणार अशी खात्रीच वाटली. डब्यातल्या बायकांनी मला बसायला जागा दिली, ठाण्याला उतरवले, रुग्णालयात पोहोचवले. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळे नॉर्मल निघाले. त्यानंतर असे सात-आठ वेळा झाले. आधी मी फास्ट गाडी सोडली, मग लोकलच सोडली, आणि आता कोणी गाडीने नेणारे नसेल तर रजा टाकते. पाण्याची बाटली, लिमलेटच्या गोळ्या आणि तो ईसीजीचा कागद पर्समध्ये असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. सासूबाई प्रेमाने दृष्ट काढतात. नवरा म्हणतो, "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग टेन्शन कशाला घेतेस?" मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे का? गेले तर आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतील का? मी वेडी होत चालले आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तुम्ही वेड्या होत चाललेल्या नाही, आणि या झटक्यांमुळे कोणी वेडे होत नाही. तुम्ही वर्णन केलेल्या अवस्थेला पॅनिक अटॅक म्हणतात. असे झटके ध्यानीमनी नसताना पुन्हा पुन्हा येऊ लागले, पुढच्या झटक्याची धास्ती महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ टिकली किंवा त्या धास्तीपायी माणसाचे वागणेच बदलले, तर त्या आजाराला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, तरी तुमच्या पत्रात या सगळ्या खुणा स्पष्ट दिसतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर जा, आणि पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

त्या सकाळी नेमके काय झाले, हे समजून घेणे हा उपचाराचाच पहिला भाग आहे. वाटेत अचानक साप आडवा आला तर विचार करण्याआधीच शरीर पळायला तयार होते. मेंदूतील अमिग्डाला नावाचा छोटा भाग धोक्याची वर्दी देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, हृदय जोराने धडधडू लागते, स्नायूंना प्राणवायू मिळावा म्हणून श्वास जलद होतो आणि हातापायांना घाम सुटतो. पॅनिक अटॅकमध्ये हीच सगळी यंत्रणा साप नसताना सुरू होते. श्वास गरजेपेक्षा जलद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड अधिक प्रमाणात बाहेर टाकला जातो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात, घेरी आल्यासारखे वाटते आणि ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात. श्वास पुरत नाही असे वाटत असते, त्याच वेळी शरीर खरे तर जास्तीचा श्वास घेत असते. हा जोर साधारण १० मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि बहुतेकांच्या बाबतीत अर्ध्या तासाच्या आसपास ओसरतो. तो भयंकर वाटतो, यात शंका नाही, परंतु त्याने हृदय बंद पडत नाही.

मग आजार कशामुळे टिकतो? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली याचे जे स्पष्टीकरण मांडले, त्यावर आजची मानसोपचाराची पद्धत उभी आहे. छातीत थोडे धडधडले की मन त्याचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावते, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड आपला संशय खरा असल्याचा पुरावा वाटू लागते. दोन-चार मिनिटांत हे चक्र माणसाला मरणाच्या दारात उभे करते. यजमानांचे "टेन्शन कशाला घेतेस" हे वाक्य इथेच कुचकामी ठरते. टेन्शन कोणी हौसेने घेत नाही, आणि ज्याला ते खाली ठेवता येत नाही त्याला ते वाक्य ऐकून स्वतःचीच लाज वाटू लागते, एवढाच त्याचा परिणाम होतो.

पर्समधल्या ईसीजीच्या कागदाबद्दल एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले आणि त्यांनी पाकिटातून चार घड्या घातलेला ईसीजी काढून टेबलावर पसरला. तो कागद उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचा असतो, त्यामुळे कालांतराने त्यावरची रेषा पुसट होत जाते. त्यांचा कागद घड्यांपाशी फाटलेला आणि जवळजवळ कोरा झालेला होता. त्यावर काही दिसत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते, तरीही तो खिशात नसला तर ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जात नसत. पाण्याची बाटली, लिमलेट, दाराजवळची जागा, सोबतीला कोणीतरी, हे सगळे त्याच जातीचे आधार आहेत. झटका आपोआप ओसरतो, पण मन त्याचे श्रेय बाटलीला देते, आणि 'आज बाटली होती म्हणून वाचलो' हा समज पक्का होत जातो. जागा टाळण्याचेही तसेच आहे. तुम्ही आधी फास्ट गाडी सोडली, मग लोकल सोडली. दर वेळी सुटल्यासारखे वाटले असेल, आणि दर वेळी तुमचे जग थोडे लहान झाले.

झटके आणि ही टाळाटाळ यांतला फरक फार पूर्वी लक्षात आला होता. न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० च्या सुमारास इमिप्रामिन हे तेव्हाचे नवे औषध अशा रुग्णांना दिले, जे दिवसातून कित्येकदा "मी मरतोय" असे म्हणत परिचारिकांच्या खोलीकडे धावत येत. काही आठवड्यांनी ते धावत येईनासे झाले. झटके थांबले होते. तरीही ते रुग्ण एकट्याने बाहेर जायला तयार नव्हते, कारण झटका येईल ही धास्ती मागे उरली होती. पुढे १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसूचीत पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र स्थान दिले. धडधडीसाठी औषध आणि धास्तीसाठी मानसोपचार असा सरळ वाटा कधीच पडत नाही, दोन्ही एकमेकांना मदत करतात. परंतु केवळ गोळ्या घेऊन लोकल टाळत राहिलात, तर आजाराचा अर्धा भाग जागच्या जागी राहील, असे माझे ठाम मत आहे.

आता गोळ्यांविषयी. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधे सहसा प्रथम दिली जातात. ती सवय लावणारी नाहीत. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या आठ-दहा दिवसांत मळमळ, अस्वस्थता, क्वचित धडधडही वाढू शकते, म्हणून डॉक्टर अगदी लहान मात्रेने सुरुवात करतात. नेमक्या याच दिवसांत अनेक जण "औषधाने उलट त्रास वाढला" म्हणून गोळी फेकून देतात. हे आधी माहीत असेल तर ते दिवस निभावता येतात, आणि त्रास फारच झाला तर डॉक्टरांना फोन करून विचारावे. बरे वाटू लागल्यानंतर साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. आयुष्यभर गोळ्या हा बहुतेकांचा अनुभव नसतो.

दुसरा भाग कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपीचा, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराचा. साधारण आठ ते सोळा बैठकांत हा उपचार होतो. यात केवळ गप्पा नसतात. मी स्वतः रुग्णाला घेऊन दवाखान्याचे दोन मजले झपाझप चढतो, वर पोहोचल्यावर त्याला बसू देत नाही, आणि दोघेही आपापल्या मनगटावर बोट ठेवून नाडी मोजत उभे राहतो. १३० पर्यंत गेलेली नाडी काही मिनिटांत आपोआप उतरते. धडधड झाली, कोणताही आधार घेतला नाही, आणि काहीही झाले नाही, हे शरीराला स्वतः अनुभवू द्यावे लागते. फिरत्या खुर्चीत गरगर फिरणे, बारीक नळीतून मिनिटभर श्वास घेणे असे आणखीही प्रकार आहेत. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरू करावेत, आणि हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर आधी विचारून.

त्यानंतर लोकल. रविवारी दुपारी, गर्दी नसताना, नुसते स्टेशनवर जाऊन अर्धा तास बाकावर बसा. पुढच्या वेळी स्लो गाडीने कोपरपर्यंत जा, मग दिव्यापर्यंत, मग ठाण्यापर्यंत, सुरुवातीला सोबत कोणी, नंतर एकटीने, आणि ईसीजीचा कागद घरी ठेवून. एका पायरीवर भीती निम्म्याहून कमी होईपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा करा. एकच नियम कसोशीने पाळायचा : झटका शिगेला असताना उतरायचे नाही, तो ओसरल्यावर हवे तर उतरा.

झटका आलाच तर चार मोजत नाकाने सावकाश श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा. कपालभाती किंवा भस्त्रिका त्या वेळी करू नका, त्यांत श्वास आणखी जलद होतो आणि मुंग्या व घेरी वाढतात. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना सल्लाही आता दिला जात नाही, कारण त्रास खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर पिशवी घातक ठरते. तुमच्या तपासण्या झाल्या आहेत, पुन्हा पुन्हा ईसीजी काढू नका. मात्र इतर वाचकांनी हे लक्षात ठेवावे की पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, चालल्यावर वाढत असेल, शुद्ध हरपली असेल, किंवा मधुमेह व रक्तदाब असेल, तर 'पॅनिक असेल' असे घरी ठरवू नये, ताबडतोब रुग्णालयात जावे.

सासूबाईंना दृष्ट काढू द्या. त्यांच्या मायेचे ते रूप आहे आणि उपचारात त्याची काही आडकाठी नाही. यजमानांना मात्र पहिल्या भेटीला सोबत घेऊन जा. "टेन्शन घेऊ नकोस" याऐवजी "मी इथे आहे, हे ओसरेल, आपण उतरायचे नाही" हे वाक्य त्यांना शिकता आले, तर कोपरच्या पहिल्या फेरीला त्यांच्यासारखा सोबती नाही.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात शिक्षक असून माझे वय ४६ आहे. तीन वर्षांपूर्वी रात्री दीडच्या सुमारास छातीत धडधडून दचकून जाग आली, अंग घामाने भिजले होते. गावातल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलामची गोळी दिली आणि लगेच आराम पडला. तेव्हापासून रोज रात्री अर्धी आणि दिवसा जीव घाबरा झाला तर आणखी अर्धी घेतो. मेडिकलवाला ओळखीचा असल्याने चिठ्ठी मागत नाही. दोनदा गोळी बंद करून पाहिली, दोन्ही वेळा थरथर सुटली आणि झोप उडाली. तालुक्याच्या गावी मनाच्या डॉक्टरांकडे गेलो तर दुसऱ्या दिवशी शाळेत चर्चा होईल. काय करावे?
– एक शिक्षक

उत्तर : सर, पहिली विनंती ही की हे उत्तर वाचून आज रात्री गोळी बंद करू नका. अल्प्राझोलाम काही महिने रोज घेतली की शरीराला तिची सवय लागते, आणि अचानक थांबवली तर थरथर, घाम, निद्रानाश होतो, काहींना फिट येते. तुम्हाला जे दोनदा झाले ते मनाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हते, गोळी सुटल्याचा तो शारीरिक परिणाम होता. ही गोळी काही आठवडे ते काही महिन्यांच्या काळात, टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. बहुधा त्याच काळात डॉक्टर वरच्या उत्तरात सांगितलेल्यांपैकी एखादे सवय न लावणारे औषध सुरू करतात. तोवर या गोळीसोबत दारू कटाक्षाने टाळा, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतात, आणि दिवसा गोळी घेतल्यावर मोटारसायकल चालवू नका.

मेडिकलवाल्याचा उपकार वाटत असला तरी त्याने तुमचे नुकसान केले आहे. अल्प्राझोलाम औषधविक्रीच्या नियमांतील शेड्यूल एच-१ या यादीत येते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि दुकानदाराला रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावासह नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. तीन वर्षे कोणी तुम्हाला "अजून का घेता?" असे विचारले नाही, ही माझ्या मते तुमच्या बाबतीतली खरी चूक आहे, आणि ती तुमची नाही.

झोपेतून जाग आणणारे पॅनिक अटॅक असतात. तरी तुमच्या वयात रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि ईसीजी एकदा पाहून घ्यावा. तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा, कारण झोपेत श्वास थांबण्याच्या विकारातही माणूस असाच दचकून उठतो.

राहिली ओळखीची भीती. ती मी हसण्यावारी नेणार नाही, लहान गावात ती खरी असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो, केसपेपर अल्प शुल्कात निघतो, आणि तिथल्या गर्दीत कोण कशासाठी आले आहे याकडे कोणी पाहत नाही. त्याआधी नुसते बोलायचे असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली, ती चोवीस तास आणि विनामूल्य असून तिथे मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आहे. जाताना संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे बरोबर न्या आणि रोजची खरी संख्या सांगा. संकोचाने कमी सांगितलीत, तर कमी करण्याचा हिशेब सुरुवातीलाच चुकेल.

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या मुलीला पॅनिक अटॅकसाठी पाच महिन्यांपासून एस्सिटॅलोप्राम सुरू आहे. ती आता उत्तम आहे, नोकरीही करते. तिचे लग्न दोन महिन्यांवर आले आहे. माझ्या पत्नीचे म्हणणे, लग्नाआधी गोळ्या बंद कराव्यात आणि सासरी काही कळू देऊ नये. आपले मत कळवावे.
– एक वडील, नागपूर

उत्तर : गोळ्या बंद करू नका. मुलगी उत्तम आहे ती उपचारामुळे, आणि पाच महिने हा काळ थांबवण्यासाठी कमी आहे. शिवाय हे औषध अचानक सोडले की चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास होऊ शकतो, आणि तो नेमका हळदी-मेंदीच्या दिवसांत होईल.

सांगायचे की नाही, हा निर्णय तुमचा किंवा तुमच्या पत्नीचा नाही, मुलीचा आहे. ती सज्ञान आहे आणि आजार तिचा आहे. माझे मत विचाराल तर तिने स्वतः, निवांत वेळी, होणाऱ्या नवऱ्याला साध्या शब्दांत सांगावे, कारण रोज सकाळी लपून गोळी घ्यावी लागणे ही स्वतःच एक धास्ती आहे, आणि या आजाराला धास्तीचेच खाद्य लागते. आईच्या मनात कायद्याची भीती असेल तर तीही काढून टाका. हिंदू विवाह कायद्यातील मानसिक विकाराची अट विवाहाला आणि अपत्यप्राप्तीला अपात्र ठरवण्याइतक्या गंभीर विकारासाठी आहे. उपचार घेत नोकरी करणाऱ्या तुमच्या मुलीला ती कशी लागू होईल? पुढे बाळाचा विचार करतील तेव्हा मात्र आधीच मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोलून औषधाचे ठरवावे, दिवस राहिल्याचे कळताच घाबरून गोळी सोडू नये.

आणि लग्नाच्या दिवसाविषयी एक. मुहूर्तापर्यंत नवरीने उपाशी राहण्याची पद्धत अनेक घरांत आहे. आदल्या रात्रीचे जागरण, रिकामे पोट, वर दोन-तीन कप चहा आणि होमाचा धूर एवढे एकत्र आले की कोणाच्याही छातीत धडधडेल, आणि तिला ती धडधड ओळखीची वाटेल. आईने त्या सकाळी तिला दहीभात किंवा उपमा भरपेट खाऊ घालावा आणि रोजच्या वेळेला गोळीची आठवण करून द्यावी.